दहा सेंटांची रद्दी

लहानपणी आमच्या घरी महिन्यातून एकदा रद्दीवाला यायचा. तागडीच्या एका पारड्यात वजन, दुसऱ्यात वर्तमानपत्रं. एका सुट्टीत मी आजोळी गेलो होतो, आणि नेमकी माझी इंद्रजाल कॉमिक्सची चळत त्या पारड्यात जाऊन बसली. वेताळ गेला, मँड्रेकही गेला. मी रडकुंडीला आलो, तेव्हा आई म्हणाली, “अरे, वाचून झाली होती ना तुझी?” आईचं चुकलं असं आजही मला म्हणवत नाही. वाचून झालेला कागद ठेवायचा कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. आज मी ज्या संग्रहाविषयी बोलणार आहे, तो या प्रश्नाचंच एक उत्तर आहे.

हा संग्रह आहे अमेरिकेतल्या जुन्या गुन्हेकथांच्या आणि भयकथांच्या कॉमिक पुस्तकांचा. आपल्याला ठाऊक असलेल्या वेताळाशी त्यांचा फारसा संबंध नाही. ही पुस्तकं साधारण १९४२ ते १९५५ या काळातली. किंमत दहा सेंट, कागद वर्तमानपत्राचा, वर एक गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ आणि मधोमध तारेच्या दोन पिना. वाचावं, मित्राला द्यावं आणि विसरून जावं, एवढ्यासाठीच ती निघत.

१९४२ मध्ये ‘क्राइम डझ नॉट पे’ नावाचं मासिक सुरू झालं. गुन्हा पचत नाही, असा त्या नावाचा अर्थ. नाव बोधपर, पण आत दरोडे, खून आणि गोळीबार यांची रेलचेल. शेवटच्या पानावर गुन्हेगार पकडला जायचा, एवढाच काय तो बोध! त्याचा खप पाहून इतरांनीही तोच कित्ता गिरवला. त्यांत ‘ई. सी.’ या नावाने ओळखली जाणारी एक प्रकाशन संस्था होती. मौज अशी की, मॅक्स गेन्स यांनी ती काढली शैक्षणिक पुस्तकांसाठी, बायबलातल्या कथा चित्ररूपाने देण्यासाठी. १९४७ मध्ये नौकेच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि संस्था त्यांचे चिरंजीव विल्यम गेन्स यांच्याकडे आली. १९५० पासून त्यांनी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’, ‘द हाँट ऑफ फिअर’ ही भयकथांची आणि ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’ हे गुन्हेकथांचं मासिक सुरू केलं. चित्रकार उत्तम होते, कथांना शेवटी एक जोरदार कलाटणी असे. ‘शॉक सस्पेन्स्टोरीज’ या त्यांच्या आणखी एका मासिकात तर वर्णद्वेषावर आणि जमावाने केलेल्या ‘न्याया’वर सरळसरळ कोरडे ओढलेले आढळतात.

आता कोणी म्हणेल, म्हणजे ही पुस्तकं मोठी सात्त्विक होती की काय? तसं मुळीच नाही. त्यांत किळसवाणं पुष्कळ होतं, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाती त्यांतली कित्येक पानं मी स्वतः देणार नाही. आईबाप धास्तावले यात नवल नव्हतं. पण धास्तीने पुढे वेगळंच वळण घेतलं. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी शाळेच्या मुलांनीच कॉमिक पुस्तकांची होळी केली. इतरही गावांत तशा होळ्या पेटल्या. पुस्तकं जाळून तेव्हा जेमतेम तीन वर्षांमागे संपलेल्या महायुद्धाची आठवण कोणाला कशी झाली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

१९५४ साल या कथेत मोलाचं. त्या वर्षी डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. मुलांच्या गुन्हेगारीला कॉमिक पुस्तकांचा मोठा हातभार लागतो, असा त्यांचा आरोप होता. हे डॉक्टर कोणी कर्मठ गृहस्थ नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गोरगरिबांसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता. २१ एप्रिल १९५४ रोजी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि त्याच दिवशी विल्यम गेन्स यांचीही. सिनेटर कीफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’चा बाविसावा अंक वर धरला. मुखपृष्ठावर एका माणसाच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचं तोडलेलं मस्तक. हे सुरुचीला धरून आहे काय, असा सवाल झाला. भयकथेचं मुखपृष्ठ म्हणून आहे, असं गेन्स उत्तरले. उत्तर प्रामाणिक होतं, पण त्याने त्यांचा घात केला.

ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता तयार केली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत. भुतंखेतं, रक्तपिपासू पिशाच्चं नकोत. पोलीस आणि न्यायाधीश यांची अप्रतिष्ठा नको. संमत झालेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक शिक्का छापला जाई, आणि शिक्का नसलेला अंक दुकानापर्यंत पोचवायला वितरक सहसा तयार नसत. म्हणजे कायदा न करता दुकान बंद! ई. सी.ची भयकथांची मासिकं त्याच वर्षी संपली. ही संहिता १९७१ मध्ये सैल झाली आणि २०११ मध्ये शेवटच्या प्रकाशकांनीही ती सोडली.

संग्राहकाच्या दृष्टीने तो शिक्का ही पहिली खूण. शिक्का नसलेला आणि १९५५ पूर्वीचा अंक म्हणजे ‘संहितेपूर्वीचा’. हे अंक दुर्मिळ का झाले, याची कारणं आता तुमच्या ध्यानात आली असतील. महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत लाखो पुस्तकं गेली. पुढे काही होळीत गेली, काही आयांनी टाकली. आणि जी उरली त्यांना कागदच खातो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचं द्रव्य असतं. हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा पडतो, त्यातलं आम्ल तंतू तोडत जातं, आणि शेवटी पान पापडासारखं मोडतं.

म्हणून जाणकार संग्राहक अंक थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवतो. पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, पाठीशी आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभे, अंगाला अंग लावून. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावायची नाही. तिचा डिंक पानात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. कोलोरॅडोतल्या एडगर चर्च नावाच्या चित्रकाराने घरात रचून ठेवलेली हजारो कॉमिक पुस्तकं १९७७ मध्ये बाहेर आली, तेव्हा कित्येक अगदी कोरी करकरीत होती. त्यात तिथल्या कोरड्या हवेचा वाटा मोठा.

विकत घेताना पानं मोजावीत. मधलं पान निघालेलं असतं. जाहिरातीतलं कूपन मुलाने कापून नेलेलं असतं, आणि त्याच्या पाठीमागची अर्धी कथा त्याबरोबर गेलेली असते. कोणी कडा छाटून नीटनेटका केलेला अंक देतो, कोणी पुसट झालेला रंग भरून देतो. हे न सांगता विकणं म्हणजे फसवणूकच. नंतरची पुनर्मुद्रणंही पुष्कळ आहेत, म्हणून आतल्या बारीक अक्षरांतली प्रकाशनाची नोंद वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नुसतं वाचायचं असेल, तर पुनर्मुद्रण घेण्यात काहीच कमीपणा नाही.

विल्यम गेन्स यांनी स्वतः एक गोष्ट फार चांगली केली. आपल्या प्रत्येक अंकाच्या काही प्रती आणि जवळजवळ सगळी मूळ चित्रं त्यांनी सांभाळून ठेवली. ती पुढे संग्राहकांकडे आली. आज त्या प्रतींना मोठा मान आहे.

२००० पासून एक नवी रीत आली. तज्ज्ञ अंक तपासतात, दहापैकी गुण देतात आणि तो कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. खरेदीविक्रीला हे सोयीचं आहे, फसवणूकही कमी होते. पण अंक वाचायचा तर पेटी फोडावी लागते, आणि फोडली की गुण गेले! मला ही रीत मनापासून रुचत नाही, आणि त्याचं कारण नुसतं भावनेचं नाही.

कारण असं. वर्थम यांचे कागदपत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. २०१० मध्ये ते अभ्यासकांना खुले झाले. कॅरल टिली या प्राध्यापिकेने ते पुस्तकाशी ताडून पाहिले आणि २०१२ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. मुलांची बोलणी बदलली होती, अनेकांचं म्हणणं एकाच्या तोंडी घातलं होतं, घरच्या आणि वस्तीच्या अडचणी गाळल्या होत्या. ज्या पुरावजावर एक सबंध धंदा बसला, तो पुरावाच वाकवलेला होता. हे कळायला अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि कळलं ते कोणीतरी कागद टाकून दिले नाहीत म्हणून. फिर्यादीचे कागद ग्रंथालयाने जपले. आरोपीचे कागद, म्हणजे ती दहा सेंटांची पुस्तकं, काही ग्रंथालयांनी जपली आणि पुष्कळशी साध्यासुध्या संग्राहकांनी. दोन्ही समोर ठेवल्याखेरीज निवाडा कसा करायचा? तो करताना पुस्तकं वाईट ठरली तरी हरकत नाही. पण ती वाचून ठरावीत.

म्हणून संग्रह करणाऱ्याने अंक जपावा, तसाच अधूनमधून उघडावाही. स्वच्छ हातांनी, सपाट टेबलावर, पान हलकेच उलटून एखाद्या अभ्यासकाला दाखवावा. वाचून झालं, तरी कागदाचं काम संपलेलं नसतं. आईला त्या दिवशी मला हे सांगता आलं नाही. तुमच्या घरी रद्दीवाला येईल, तेव्हा तागडीत टाकण्यापूर्वी चळत एकदा चाळून मात्र पाहा.