मांजराचे स्नान

मावळातील घर म्हटले की भाताची कणगी आली. कणगीमागून उंदीर आणि उंदरांमागून मांजर हे ओघानेच आले. या प्राण्याची उपयुक्तता सर्वांना मान्य आहे. परंतु आषाढ लागला की त्याच्यावरूनच घरात कुरबूर सुरू होते. लोणावळे सह्याद्रीच्या माथ्याशी, सुमारे २,००० फूट उंचीवर वसलेले. तेथे वर्षाकाठी १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. भातखाचरांतून भटकून आलेली स्वारी चिखलाच्या पायांनी थेट मुलांच्या अंथरुणात शिरते. मग कोणीतरी बादली घेऊन उठते, आणि त्या रणाच्या खुणा आठवडाभर हातांवर मिरवाव्या लागतात.

मांजराचा हा पाण्याचा तिटकारा निव्वळ हट्ट नव्हे. त्याचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांतील रानमांजर होत. दाट केस भिजले की जड होतात, लवकर वाळत नाहीत आणि अंगातील ऊब हरपते. त्यातून घट्ट धरून ठेवले, म्हणजे सुटकेची वाट बंद झाली या भीतीने ते बिथरते. वाघ उन्हाळ्यात खुशाल पाण्यात बसतो. त्याच्या मावशीला मात्र तो छंद नाही.

निसर्गाने तिला दुसरे साधन दिले आहे, ते म्हणजे जीभ. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील ॲलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवून दिले, की मांजराच्या जिभेवरील काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात. त्यांत लाळ आपोआप भरते आणि केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. म्हणून निरोगी मांजरास सहसा स्नानाची गरजच पडत नाही. चिखल वाळू द्यावा व मऊ ब्रशाने झाडून काढावा, एवढे पुरते.

परंतु जे जिभेचे सामर्थ्य, तोच तिचा धोका. अंगावर जे लागेल ते पोटात जाते. ही गोष्ट मी फार उशिरा शिकले. एका पावसाळ्यात गटारात पडलेले पिलू मी, स्वच्छतेच्या अभिमानाने, फिनेलच्या पाण्यात धुऊन काढले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, नुसते पुसून घे.” मी ऐकले नाही. संध्याकाळी ते लाळ गाळू लागले, थरथरू लागले. उजाडण्यापूर्वी ते गेले. फिनॉलजातीय द्रव्यांचे विष उतरवण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते, हे मला त्यानंतर कळले. कुत्र्यांच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषधही मांजरास असेच घातक ठरते.

तथापि तेल, रंग अथवा डांबर अंगास लागल्यास ते चाटू देण्यापेक्षा धुणेच बरे. अशा वेळी दोघांनी मिळून काम करावे. वेळ असल्यास नखांची टोके आधी कापून घ्यावीत, दार लावावे. घंगाळाच्या तळाशी जुने सुती फडके अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. दोन-तीन इंच कोमट पाणी अगोदरच भरून ठेवावे. पडत्या पाण्याच्या आवाजाने मांजर घाबरते. डोक्यावर पाणी ओतू नये, तोंड ओल्या फडक्याने पुसावे. साबण मांजरासाठी केलेलाच व थोडा वापरावा आणि तो पूर्ण धुऊन काढावा. नंतर पंचाने टिपून, वारा न लागणाऱ्या उबदार खोलीत ठेवावे. लहान पिलांस तर स्नान घालूच नये. ती गारठून जातात. अंगावरील पदार्थ विषारी असल्याची शंका आली, तर तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

आपल्या घरांत सोवळ्याओवळ्याचे, स्वच्छतेचे नियम पुष्कळ आहेत, आणि ते आपल्यापुरते ठीकच आहेत. मांजराचे नियम निराळे. उन्हाची तिरीप आली की ते ओसरीवर बसते, एकेक पंजा जिभेने ओला करून तोंडावरून फिरवते आणि आपले स्नान आपण उरकते. ते पाहून हल्ली माझा हात बादलीकडे जात नाही.