सर्वानुमते मंजूर

महापालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समितीची सभा बहुधा सकाळी अकराला ठेवतात. शाळेला ती वेळ सोयीची. पण त्या वेळी धुणीभांडी करणारी आई तिसऱ्या घरात असते, ई-रिक्षावाला बाप सीताबर्डीच्या गर्दीत असतो आणि कळमना बाजारातला हमाल पोत्याखाली. सभेला यायचं म्हणजे अर्धी रोजी बुडवायची. तरीही सात-आठ जण येतात. त्यांत बाया जास्त.

2025 च्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातल्या अशा एका शाळेच्या सभांना मी मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मागे बसत असे. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे. अध्यक्षही पालकच. त्यांच्यासाठी टेबलाजवळ खुर्ची मांडलेली असायची, पण ते तिच्या कडेवर टेकायचे, कुणी साहेब आला तर लगेच उठता यावं तसे. लोकप्रतिनिधीची जागा रिकामीच असायची. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि महापालिकेत प्रशासकाचा कारभार सुरू होता.

कागदावर या समितीचं वजन मोठं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता सगळ्या शाळांत समिती हवी. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणशीर जागा. महाराष्ट्रात सदस्य 12 ते 16, मुदत दोन वर्षं, सचिव मुख्याध्यापक. कारभारावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणं, ही तिची मुख्य कामं.

प्रमाणशीर जागांची अट कशासाठी, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. स्टेशनवर हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी मिशनऱ्यांच्या मदतीने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं शाळेतून काढली आणि जाईबाईंची नोकरी गेली. पुढे त्यांनी याच शहरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. पालकांचा आवाज तेव्हाही होता आणि जोरातही होता. तो कुणाचा, हा खरा प्रश्न होता.

सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते एका दमात वाचलं जातं. तोवर हजेरीचं रजिस्टर बाकांवरून फिरतं. एखादी न आलेल्या जाऊबाईचीही सही करू पाहते आणि मॅडम डोळ्यांनीच तिला थांबवतात.

अशाच एका सभेत दुसरा विषय गणवेशाचा होता आणि खोलीत एकदम जीव आला. आधीच्या वर्षी, 2024-25 मध्ये, सरकारने गणवेशाचं काम समित्यांकडून काढून घेतलं होतं. राज्यभर एकच रंग, कापडाचा पुरवठा वरून आणि शिलाई महिला बचतगटांकडे. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नाहीत आणि जे पोचले त्यांच्या मापाच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

"मागच्या साली माह्या पोराच्या प्यांटात दोन पोरं मावत होती, मॅडम. अन् शर्टाच्या बटना लागत नोहत्या," एक बाप म्हणाला. सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी दुकानदाराने पाठवलेले नमुने टेबलावर ठेवले. एका जोडाला 300 रुपये मिळतात, त्यात जे बसेल ते.

समितीतल्या एक बाई घरी शिवणकाम करतात. त्यांनी शर्ट उचलला, उलटा केला आणि काखेजवळची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. टाके विरळ झाले, मधून उजेड दिसला. "याले माया सोडली नाई. पोरगं वाढलं तर उसवून मोठा करता येत नाई. अन् दोन धुण्यांत हे काखेत फाटते." मग दुसरा नमुना. कापड चुरगाळून मुठीत धरलं, सोडलं, नाकाजवळ नेलं. "हा बरा. पण उन्हाळ्यात अंगाले चिकटन." विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात त्या उन्हामुळेच, बाईंचा मुद्दा हवेतला नव्हता. पाच मिनिटांत त्यांनी तीन दोष काढले. इतक्या जवळून हा शर्ट मंत्रालयात कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

इतिवृत्तात यातलं काय उतरलं? "गणवेश खरेदीबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली. दर्जेदार गणवेश खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." सूचक अमुक, अनुमोदक तमुक. माया, काख, टाके, सगळं 'दर्जेदार' या एका शब्दात बुडालं. उद्या कमी मायेचे शर्ट आले तर दुकानदारापुढे ठेवायला कागदावर काहीच नव्हतं.

यात मुख्याध्यापिकांची लबाडी नव्हती. त्यांच्याकडे दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती आणि रोज मोबाइलवर येणाऱ्या 'तात्काळ' लिंका. इतिवृत्त तपासणाऱ्याला ठरावीक वाक्यं हवी असतात आणि ती त्यांना तोंडपाठ आहेत. पण अशाने पालकांची माहिती दारातच अडते.

हे नीट कळलं पुढच्या विषयात. एक आई बराच वेळ गप्प होती, मग उठून म्हणाली, "पोरींच्या संडासाच्या दाराले कडी नाई. म्हणून माही पोरगी घरून पाणी न पिता येते, अन् इथंबी पीत नाई." पेन चालू झालं: "स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीबाबत चर्चा..." तेवढ्यात अध्यक्ष पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले. "मॅडम, कडी लिवा. कोन्त्या दाराले, ते बी लिवा. अन् कोन बसवन, कवा बसवन, ते लिवा."

मॅडमनी लिहिलं: मुलींच्या बाजूचं दुसरं दार, शनिवारपर्यंत, खर्च संयुक्त शाळा अनुदानातून. हे अनुदान समग्र शिक्षा अभियानातून पटानुसार मिळतं. 101 ते 250 मुलांच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठीच असतो. पैसे हप्त्यांनी येतात, उशिरा येतात, आणि मार्चअखेर घाईघाईने खर्ची पडतात. पण एका कडीसाठी कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. कडी बसली.

गळक्या छताचं तसं झालं नाही. इमारत महापालिकेची, म्हणून पत्र झोन कार्यालयात गेलं. आवक क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. समितीचा हात अनुदानापर्यंत पोचतो, छतापर्यंत पोचत नाही. तिथे नगरसेवक लागतो, पाठपुरावा लागतो. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर महापालिकेत लोकप्रतिनिधी परत आले आहेत. आता समितीच्या सभेला ते येतात की फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनाला, हे पालकांनी मोजायला हवं.

इंग्रजी शाळांच्या ओढीने पट घटतोय म्हणून सगळेच हळहळतात. जी मुलं उरली आहेत त्यांच्या आईबापांना मात्र आपण अकरा वाजता बोलावतो, लहान बाकांवर बसवतो आणि त्यांचं बोलणं ठरावीक वाक्यांत मिटवून टाकतो. उपाय फार खर्चाचे नाहीत. सभा संध्याकाळी सहाला घ्यावी. लिहिलेला ठराव उठण्याआधी मोठ्याने वाचावा. शाळा विकास आराखडा कपाटात न ठेवता फाटकाशी लावावा. मुख्य म्हणजे ठरावात जागा, तारीख आणि जबाबदार माणूस यावा. 'चर्चा करण्यात आली' असं लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही. 'दुसरं दार, शनिवारपर्यंत' असं लिहिलं की सोमवारी कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.