ग्लायडर शर्यतीतील प्रारंभ नियम

ग्लायडर शर्यतीतील प्रारंभ नियम म्हणजे स्पर्धक ग्लायडरने शर्यत कोठून, केव्हा व कोणत्या स्थितीत सुरू करावी हे ठरविणारे नियम होत. जागतिक व खंडीय अजिंक्यपद स्पर्धांसाठी हे नियम आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) क्रीडा संहितेतील तिसऱ्या विभागाच्या ‘अ’ परिशिष्टात दिलेले आहेत. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये देशानुसार त्यांत फरक आढळतो.

स्वरूप

ग्लायडरला इंजिनाच्या बळावर शर्यत करता येत नसल्याने बहुतेक स्पर्धकांना विमानाने ओढून एकामागून एक आकाशात सोडले जाते. शेवटचा ग्लायडर सुटल्यानंतर ठरावीक वेळाने प्रारंभरेषा खुली होते. ही रेषा जमिनीवर आखलेली नसते. ती नकाशावरील काल्पनिक रेषा असते. रेषा खुली झाल्यावर ती केव्हा ओलांडायची हे वैमानिक स्वतः ठरवतो आणि त्याची वेळ त्या क्षणापासून मोजली जाते. त्यामुळे सर्वांत आधी परतणारा स्पर्धक विजयी ठरतोच असे नाही.

पूर्वी जमिनीवरील निरीक्षक प्रारंभाची नोंद करीत. १९९० च्या दशकापासून उपग्रहाधारित उड्डाण नोंदयंत्रांचा वापर रूढ झाला. उतरल्यानंतर या यंत्रातील नोंदी तपासून प्रारंभाची वेळ व वैधता निश्चित केली जाते.

उंची व वेगाची मर्यादा

ग्लायडरसाठी उंची हीच साठवलेली ऊर्जा असते आणि वेगाचे रूपांतर पुन्हा उंचीत करता येते. हवेचा रोध वगळल्यास ताशी १०० ऐवजी २५० किमी वेगाने रेषा ओलांडणाऱ्या ग्लायडरला सुमारे २०० मीटर उंचीइतका लाभ होतो. एक मीटर उंची गमावून ४५ मीटर अंतर कापणाऱ्या ग्लायडरसाठी हा लाभ सुमारे ९ किमी अंतराएवढा असतो. म्हणून अनेक स्पर्धांत प्रारंभाच्या उंचीवर, तर काही स्पर्धांत वेगावरही मर्यादा घातली जाते. केवळ उंचीची मर्यादा असल्यास वैमानिक वर चढून सूर मारत वेगाने रेषेकडे येण्याची शक्यता असते. हे टाळण्यासाठी प्रारंभापूर्वी काही काळ मर्यादेखाली राहण्याची अटही काही ठिकाणी घातली जाते.

प्रतीक्षेचा प्रश्न

उशिरा निघणाऱ्या वैमानिकाला पुढे गेलेल्या ग्लायडरांच्या घिरट्यांवरून उष्ण हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह कोठे आहेत हे आयतेच कळते. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने आधी निघावे याची वाट पाहतो. परिणामी रेषेजवळ एकाच प्रवाहात अनेक ग्लायडरांची गर्दी होऊन टकरीचा धोका वाढतो. दुसरीकडे, फार वेळ थांबल्यास दिवसअखेरीस प्रवाह क्षीण होऊन मार्ग अपुरा राहण्याची शक्यता असते.

यावर उपाय म्हणून काही स्पर्धांत पूर्वसूचित प्रारंभाची पद्धत वापरली जाते. वैमानिक नोंदयंत्रावरील कळ दाबतो. ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर त्याच्यासाठी काही मिनिटांची मुभा सुरू होते आणि त्या अवधीत त्याने रेषा ओलांडणे अपेक्षित असते. कळ किती वेळा दाबता येईल यावरही बंधन असते. त्यामुळे इतरांना निघताना पाहून तत्क्षणी त्यांच्या मागे लागणे अवघड होते. ग्रां प्री प्रकारात मात्र सर्व स्पर्धक एकाच वेळी निघतात आणि वैध रीतीने प्रथम परतणारा जिंकतो. तेथे वाट पाहण्याचा डाव उरत नाही, परंतु सर्व ग्लायडर एकाच वेळी रेषेवर येत असल्याने उंची व वेगाच्या मर्यादा विशेष महत्त्वाच्या ठरतात.

दंड

जागतिक स्पर्धांत एका दिवसाच्या कामगिरीस कमाल १,००० गुण असतात. प्रारंभरेषा थोडक्यात चुकणे यांसारख्या किरकोळ त्रुटींसाठी गुण वजा केले जातात. चूक मोठी असल्यास प्रारंभच अवैध ठरतो. चूक वेळीच लक्षात आल्यास वैमानिकाला मागे फिरून नव्याने प्रारंभ करता येतो, मात्र त्यात दिवसाचा मौल्यवान वेळ खर्च होतो. धोकादायक उड्डाणासारख्या वर्तनासाठी ताकीद, गुणकपात, त्या दिवसापुरती अपात्रता किंवा संपूर्ण स्पर्धेतून बाद करणे अशा चढत्या क्रमाच्या शिक्षा आहेत. निर्णय मान्य नसल्यास स्पर्धकाला प्रथम तक्रार व नंतर पंचमंडळाकडे औपचारिक हरकत नोंदविता येते.