पोटातून येणारा बिनतारी संदेश

उरण तालुक्यात द्रोणागिरीच्या डोंगराजवळ करंजा बंदर आहे. तेथील मोठ्या मासेमारी बोटींवर बिनतारी यंत्राची एरियल उंच लावलेली दिसते. तिच्या साह्याने तांडेल दुसऱ्या बोटीशी बोलतो. पण बोटीखाली पाणी किती खोल आहे, मासळीचा थवा कोठे आहे, हे पाहायचे असले की रेडिओलहरी कुचकामी ठरतात. तेथे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपावा लागतो. खारे पाणी विजेचे वाहक आहे. रेडिओलहर त्यात शिरली की पाण्यातील आयन हलू लागतात, लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते आणि लहर थोड्याच अंतरात विरते.

आपले शरीरही खारेच आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात, तर शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असते. मग पोटातून बिनतारी संदेश बाहेर कसा यावा?

आधी हा खटाटोप कशासाठी ते पाहू. लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते, गुदद्वारावाटे घातलेली फार तर शेवटच्या टोकापर्यंत. मधल्या भागात कोठे रक्त झिरपत असेल, तर रुग्ण फिका पडत जातो आणि कारण सापडत नाही. 1957 साली मॅके व याकॉबसन यांनी पोटातील दाब व तापमान कळविणारी, गिळता येणारी रेडिओगोळी तयार केली. चित्रे पाठविणारी गोळी मात्र इस्राएली अभियंता गॅव्रिएल इदान व त्याच्या सहकाऱ्यांनी 2000 साली जगापुढे मांडली. लांबी 26 मिलिमीटर, जाडी 11 मिलिमीटर. तीत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि प्रक्षेपक! सेकंदाला 2 चित्रे धरली तर 8 तासांत किती होतील? 57,600.

आता खरी अडचण. कंप्रता कमी ठेवली तर लहर शरीरातून सहज निघते. तापमानासारखा एखादा आकडा पाठवायला तेवढे पुरते. पण चित्रांसाठी सेकंदाला लाखो बिट पाठवावे लागतात आणि त्याला जास्त कंप्रता हवी. शिवाय कमी कंप्रतेची लहर लांब, तिला एरियलही मोठी लागते. कंप्रता वाढवावी तर शरीर लहर गिळते. सुमारे 400 मेगॅहर्ट्झची लहर स्नायूतून 5 सेंटिमीटर गेली की तिचा आयाम सुमारे 37 टक्के उरतो. 2400 मेगॅहर्ट्झची लहर 2 सेंटिमीटरमध्येच तेवढी क्षीण होते. म्हणजे 10 सेंटिमीटरनंतर पहिलीचा आयाम सातव्या हिश्शावर येतो, तर दुसरीचा दीडशेव्या! म्हणून इदानच्या गोळीसाठी 434 मेगॅहर्ट्झच्या आसपासची कंप्रता निवडली गेली. यात एक गंमत आहे. हवेत या लहरीची लांबी 69 सेंटिमीटर. पण शरीरातील पाण्यामुळे तिचा वेग मंदावतो व स्नायूत ती जेमतेम 9 सेंटिमीटर उरते. ज्या पाण्याने अडचण केली, तेच इवल्याशा एरियलच्या कामी येते. बाहेर पोटावर ग्राही चिकटवलेले असतात आणि कमरेच्या पट्ट्यातील यंत्र चित्रे साठवते.

शरीर लहर गिळते याचा पडताळा वर्गातही घेता येईल. ब्लूटूथची कंप्रता 2400 मेगॅहर्ट्झच्या जवळ असते. उघड्या मैदानावर स्पीकर ठेवा आणि फोन छातीशी धरून, स्पीकरकडे तोंड करून, आवाज तुटू लागेपर्यंत मागे सरका. मग एक-दोन पावले पुढे या आणि पाठ फिरवा. मैदानच का, हे ओळखा पाहू! खोलीत भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी वळसा घेऊन पोचतात.

ही तपासणी आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत होते. पण गोळी स्वतः चालत नाही, आतड्याच्या हालचालीने पुढे सरकते. आपल्याकडे क्षयरोगाने आतडे अरुंद झालेले रुग्ण आढळतात. त्यांच्यात ती अडकू शकते. तशी शंका असल्यास डॉक्टर आधी त्याच आकाराची, पोटात विरघळणारी गोळी देऊन वाट मोकळी आहे का ते पाहतात. आणि कॅमेऱ्याची गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत त्या रुग्णाला एमआरआयच्या चुंबकाजवळ नेत नाहीत.