सबवूफर
सबवूफर : श्राव्य ध्वनीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यातील, म्हणजे सु. २० ते १२० हर्ट्‌झ कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) ध्वनी निर्माण करण्यासाठीच योजलेला स्वतंत्र ध्वनिक्षेपक. घरी चित्रपट पाहण्यासाठी अनेक ध्वनिक्षेपकांची जी यंत्रणा बसवितात व जिला होम थिएटर म्हणतात, तिचा हा एक घटक आहे. यंत्रणेतील इतर ध्वनिक्षेपकांच्या जागा पडदा व श्रोता यांच्या स्थानांवरून ठरतात; सबवूफरची जागा मात्र खोलीची मापे व भिंती यांवरून ठरवावी लागते. एकच सबवूफर एका खोलीत स्वच्छ वाजतो, तर दुसरीत नुसता घुमतो. इतकेच नव्हे, तर त्याच खोलीत तो एका खुर्चीवर असह्य व दुसऱ्या खुर्चीवर जवळजवळ मूक भासतो. यामुळे अधिक किंमतीचे उपकरण घेतल्याने साधत नाही ते पुष्कळदा तेच उपकरण दोन मीटर सरकविल्याने साधते.

इतिहास : विद्युत् प्रवाहवाहक वेटोळे व शंक्वाकार पटल असलेल्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. पेटीचे आकारमान आणि पटलाचे गुणधर्म यांवरून मंद्र ध्वनीची मर्यादा आधीच गणिताने काढता येईल अशी रीत ऑस्ट्रेलियातील ए. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली व रिचर्ड स्मॉल यांनी पुढील दशकात ती विस्तारली. आजचे सबवूफर याच गणितावर आधारलेले आहेत. चित्रपटगृहात मंद्र ध्वनीचा मुद्दाम वापर केल्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९७४ मधील अर्थक्वेक हा अमेरिकन चित्रपट होय. भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकांना हादरा जाणवावा म्हणून त्याच्या प्रदर्शनासाठी चित्रपटगृहांत प्रचंड आकाराचे मंद्र ध्वनिक्षेपक ठेवण्यात आले होते. १९९२ मध्ये बॅटमॅन रिटर्न्स या चित्रपटाबरोबर डॉल्बीची अंकीय ध्वनिपद्धती चित्रपटगृहांत आली व १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हीडी तबकड्यांबरोबर ती घरांत पोहोचली. या पद्धतीच्या ‘५.१’ या नावातील पाच हे पूर्ण पट्ट्याचे ध्वनिमार्ग असून ‘दशांश एक’ हा केवळ १२० हर्ट्‌झपर्यंतच्या मंद्र परिणामांसाठी राखून ठेवलेला मार्ग आहे.

रचना व कार्य : ध्वनीची पातळी तीच ठेवून कंप्रता एक सप्तक खाली नेली, म्हणजे निम्मी केली, तर पटलाला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणजेच ८० हर्ट्‌झला जे पटल १ मिमी. हलते त्याला २० हर्ट्‌झला तेवढ्याच पातळीसाठी १६ मिमी. हलावे लागेल. सबवूफरचे पटल मोठे, त्याची कड रुंद व लवचिक आणि विवर्धक शक्तिमान का असतो, हे यावरून स्पष्ट होईल. शिवाय मानवी कानही या पट्ट्यात मंद आहे. १,००० हर्ट्‌झचा ध्वनी ऐकू येण्यास २ ते ३ डेसिबेल पातळी पुरते, तर २० हर्ट्‌झचा ध्वनी ऐकू येण्यास सु. ७८ डेसिबेल लागतात.

पेटी दोन प्रकारची असते. बंद पेटीत मर्यादेखालील ध्वनी सप्तकामागे १२ डेसिबेल या दराने, म्हणजे सावकाश घटतो. नळी बसविलेल्या छिद्रित पेटीत नळीतील हवा अनुस्पंदनाने पटलास साहाय्य करते. त्यामुळे त्याच शक्तीत अधिक ध्वनी मिळतो. पण मर्यादेखाली तो सप्तकामागे २४ डेसिबेल इतका झपाट्याने तुटतो. लहान खोलीस बंद पेटी व मोठ्या दिवाणखान्यास छिद्रित पेटी ही निवड बहुधा योग्य ठरते.

खोलीचा परिणाम : हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३४४ मी. धरला, तर २० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी १७ मी.हून अधिक व ८० हर्ट्‌झच्या तरंगाची ४·३ मी. भरते. घरातील खोली या तरंगांच्या मानाने लहान किंवा त्यांच्याएवढीच असते. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर ज्या कंप्रतेच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असते, त्या कंप्रतेस परावर्तित तरंग एकमेकांत मिसळून अप्रगामी तरंग तयार होतो. त्यात काही ठिकाणी दाबाचे चढउतार सदैव मोठे, तर काही ठिकाणी जवळजवळ शून्य राहतात.

५ मी. लांब, ४ मी. रुंद व २·९ मी. उंच खोली घेतल्यास लांबीच्या दिशेने ३४ व ६९ हर्ट्‌झ, रुंदीच्या दिशेने ४३ व ८६ हर्ट्‌झ आणि उंचीच्या दिशेने ५९ हर्ट्‌झ या कंप्रतांना असे तरंग उभे राहतात. (तिरप्या दिशांनी होणारे तरंग वेगळेच.) यांतील ३४ हर्ट्‌झच्या तरंगाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक आणि लांबीच्या बरोबर मध्यावर शून्य असतो. अर्थात मध्यभागी बसलेल्या श्रोत्यास तो स्वर जवळजवळ ऐकूच येणार नाही व मागील भिंतीला टेकलेल्या कोचावरील श्रोत्यास तो इतर स्वरांवर कुरघोडी करणारा वाटेल. मधली जागा ऐकण्यास सर्वांत चांगली हा समज मंद्र ध्वनीच्या बाबतीत खोटा आहे. लांबीच्या एकतृतीयांशावर बसल्यास पहिल्या व दुसऱ्या दोन्ही तरंगांचा दाब महत्तम दाबाच्या निम्मा मिळतो; म्हणून मागील भिंतीपासून तेवढे अंतर सोडून आसन मांडणे हिताचे असते. खोलीची लांबी, रुंदी व उंची समान असतील, तर तिन्ही दिशांचे तरंग एकाच कंप्रतेवर येतात व घुमणे पराकोटीला जाते.

पडदे, सतरंजी किंवा पातळ फेस यांचा येथे उपयोग नाही. सच्छिद्र पदार्थ ध्वनी परिणामकारकपणे शोषण्यास त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास लागते. ४० हर्ट्‌झला ही जाडी दोन मीटरांहून जास्त भरते.

जागा निश्चित करणे : कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीतील सर्व अप्रगामी तरंगांना चेतवितो. त्यामुळे तेथे ध्वनी सर्वांत अधिक, पण बहुधा सर्वांत असमान मिळतो. भिंतीच्या मध्यावर ठेवल्यास त्या दिशेचा पहिला तरंग चेतविला जात नाही. प्रत्यक्षात गणितापेक्षा पुढील रीत अधिक सोयीची असते. ध्वनीचा उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोहोंमधील परिणाम तोच राहतो. या तत्त्वानुसार सबवूफर श्रोत्याच्या आसनावर ठेवून त्यातून मंद्र स्वरांचे परिचित संगीत लावतात आणि भिंतींच्या कडेकडेने, कान पेटीच्या उंचीवर ठेवून, फिरतात. जेथे प्रत्येक स्वर सारख्याच जोराने व स्पष्ट ऐकू येतो ती सबवूफरची जागा. ओणवे होऊन घरभर रांगण्याचा हा प्रकार हास्यास्पद दिसत असला, तरी याहून स्वस्त व विश्वसनीय उपाय नाही.

एका आसनासाठी साधलेली जागा शेजारच्या आसनाला जमेलच असे नाही. टॉड वेल्टी व त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या आरंभी केलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांमधील फरक बराच कमी होतो असे आढळले. म्हणून एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम आकाराचे घेणे कुटुंबास अधिक उपयोगी पडते.

जोडणी व जुळणी : यंत्रणेचा मुख्य विवर्धक मंद्र ध्वनी वेगळा काढून सबवूफरकडे पाठवितो. ही विभाजन कंप्रता सामान्यतः ८० हर्ट्‌झ ठेवतात. त्याखालील ध्वनी कोठून येतो हे कानास सहसा ओळखता येत नाही व पुरुषी आवाजाचा मूलस्वरही बहुतेक वेळा याच्या वरच असतो. विभाजन १५० हर्ट्‌झवर नेले, तर संवाद पडद्यातून न येता पेटी असलेल्या कोपऱ्यातून आल्यासारखे वाटू लागतात. मुख्य विवर्धक विभाजन करीत असताना सबवूफरवरील विभाजनाची कळ कमाल मर्यादेवर ठेवावी. अन्यथा ध्वनी दोनदा गाळला जातो. पुढील ध्वनिक्षेपक मोठे आहेत असे विवर्धकाला सांगितले, की त्यांच्या मार्गांतील मंद्र ध्वनी पुष्कळदा सबवूफरकडे जातच नाही. ‘दशांश एक’ मार्ग व सबवूफर एकच समजल्याने होणारी ही चूक फार आढळते.

कला (तरंगाची कालसापेक्ष अवस्था) जुळविण्यासाठी विभाजन कंप्रतेजवळचा ध्वनी लावून कळ ० किंवा १८० अंशांपैकी ज्या स्थितीत आसनापाशी आवाज मोठा येईल तेथे ठेवतात. पातळी जुळविताना मापकावर ए-भारित मोजणी घेऊ नये, कारण ३१·५ हर्ट्‌झला ती सु. ३९ डेसिबेल कमी दाखविते. सी-भारित मोजणीत ही घट ३ डेसिबेल इतकीच असते. स्वयंचलित दुरुस्तीची मंडले वाढलेले स्वर चांगले खाली आणतात; परंतु शून्य दाबाच्या जागी ती विवर्धकाची शक्ती व्यर्थ खर्च करतात. तेथे १२ डेसिबेल वाढ म्हणजे सोळापट शक्ती आणि ऐकू येणारा बदल मात्र नगण्य. जोडणीनंतर भारतात ५० किंवा १०० हर्ट्‌झचा अखंड गुणगुणाट ऐकू आल्यास तो बहुधा दोन उपकरणांच्या भूसंपर्कामुळे बनलेल्या मंडलाचा असतो. दोन्ही उपकरणे एकाच फलकावरून चालविल्यास तो प्रायः थांबतो. त्यासाठी भूसंपर्काची तार तोडणे धोक्याचे आहे.

सदनिकांतील प्रश्न : या विषयावरील बरेचसे मार्गदर्शन अमेरिकेतील लाकडी सांगाडा व जिप्सम तक्ते यांच्या घरांना धरून लिहिलेले आहे. त्या हलक्या भिंती स्वतः कंप पावून मंद्र ध्वनीचा काही भाग शोषतात. महाराष्ट्रातील शहरांत सर्रास आढळणाऱ्या विटांच्या भिंती व काँक्रीटची लादी असे करीत नाहीत. त्यामुळे अप्रगामी तरंग येथे अधिक तीव्र असतात व जागेच्या निवडीस अधिक महत्त्व येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. पण ती ए-भारित मोजणीत असल्याने खालच्या मजल्यावर भांडी थरथरविणारा ३० हर्ट्‌झचा ध्वनीही मापकावर निरुपद्रवी दिसू शकतो. पेटीखाली रबरी गट्टू ठेवल्याने लादीत थेट जाणारी कंपने कमी होतात, हवेतून जाणारा ध्वनी मात्र थांबत नाही. तेव्हा रात्री पातळी उतरविणे किंवा विवर्धकातील मोठे व लहान आवाज जवळ आणणारी रात्रीची योजना चालू करणे हेच दोन उपाय उरतात.