शाळेचा पैसा – ७ : आराखडा एकीकडे, लिमिट दुसरीकडे

पोषण आहाराच्या तांदळाची वाट या आठवड्यात उलगडायची ठरली होती. ती एका आठवड्याने पुढे ढकलतो, कारण शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्याबद्दलचा लेखांक वाचून एका सदस्य-पालकांनी प्रश्न पाठवला आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं असं, की बैठकीत सह्या घेतल्या जातात, प्रमाणकं दाखवली जातात, पण ‘देखरेख’ म्हणजे आम्ही नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते याचं उत्तर कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. पैसा मात्र ज्या रस्त्याने शाळेत येतो, तो रस्ता त्या उत्तराला वळसा घालून जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. सरकारकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा आणखी कुठूनही आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो, यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम. पण मला अधिक मोलाचं वाटतं ते कलम २२. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा पाया तोच आराखडा असेल, असं ते कलम म्हणतं. म्हणजे आधी गरज मांडायची, मग तिच्यासाठी पैसा यायचा, आणि त्या गरजेसाठीच तो गेला का, हे ज्यांनी गरज मांडली त्यांनी पाहायचं. प्रत्यक्षात समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, एकतीस ते शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, अशा पायऱ्या आहेत. तिसाव्या आणि एकतिसाव्या मुलात १५ हजारांचं अंतर पडतं. छप्पर गळतं की नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे की नाही, याचा या हिशेबाशी संबंध नाही. महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त आहेत. त्यांच्या वाट्याला महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये येतात. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा आणि उरलेल्यात खडू, नोंदवह्या, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती भागवायची. आराखडा फाइलमध्ये राहतो, अनुदान पटावर येतं, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही.

त्यात २०२१ पासून पैसा येण्याची रीतच पालटली. पूर्वी रक्कम समितीच्या बचत खात्यात जमा व्हायची. आता खातं शून्य शिलकीचं असतं आणि वरून खर्चाची मर्यादा दिली जाते. ‘लिमिट आलं’ हा शब्द त्यातूनच मुख्याध्यापकांच्या तोंडी बसला. पैसा वर्षानुवर्षं खात्यात पडून राहू नये, हा या रीतीमागचा हेतू रास्त आहे. पण मार्चच्या तोंडावर लिमिट आलं आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडलं नाही, तर ते परत जातं. अशा वेळी शाळेला काय हवं, हा प्रश्न मागे पडतो आणि आठवड्याभरात कशाचं बिल मिळेल, एवढाच उरतो. एक साधं प्रमाणक घ्या : ‘नळदुरुस्ती व तोट्या बसवणे’. दुकानाचं बिल आहे, शिक्का आहे, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या आहेत, साठा नोंदवहीत तोट्या चढवल्या आहेत. लेखापरीक्षकाला यात आक्षेप घ्यायला जागा नाही, कारण त्याच्यासमोर कागद आहे. नळाला पाणी येतं की नाही, हे मुलाची बाटली भरून देणाऱ्या आईला ठाऊक असतं. वरची यंत्रणा पैसा वेळेत आणि कागदोपत्री नीट खर्च झाला, एवढंच पाहू शकते. त्या पैशाचं काय झालं, ते फक्त जवळच्या माणसाला दिसतं.

यावर एक आक्षेप असा, की स्थानिक हातांवर भरवसा ठेवता येत नाही. गावचं राजकारण शाळेत शिरतं. हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार माणसांनी घेतलेला आहे. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी म्हटलं होतं, की मोठ्या गावांतल्या नगरपालिकांकडून प्राथमिक शाळांचा खर्च जरूर घ्यावा, पण कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, वर शिक्षण खात्याची देखरेख असावी. वर्षातून एखाद्या तपासणीने काही साधत नाही, निदान तिमाहीला आणि वर्दी न देता शाळा पाहिली पाहिजे, हेही त्यांचंच म्हणणं. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे दिल्या, १९३८ ची दुरुस्ती आणि १९४७ चा कायदा यांनी त्या मंडळांचे हात पुन्हा आखडले, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. हा लंबक तेव्हापासून हलतोच आहे. फुल्यांची भीती मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या नगरपालिका त्यांच्यासमोर होत्या, त्यांत शेतकरी-कामकरी पालकाला जागा नव्हती. आजच्या समितीत बसण्याची मुख्य पात्रता म्हणजे तुमचं मूल त्याच शाळेत असणं. नगरपालिकेवरचा तो आक्षेप या समितीला जसाच्या तसा लावणं बरोबर नाही.

वर नेलेला कारभार अधिक चोख असतो, या समजुतीची परीक्षा गणवेशाने नुकतीच घेतली. वर्षानुवर्षं दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडे यायचे आणि शिलाई गावात किंवा तालुक्याला व्हायची. २०२४-२५ मध्ये राज्यभरासाठी कापड एकत्र घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. कितीतरी शाळांत स्वातंत्र्यदिनापर्यंत गणवेश पोचले नाहीत, आले त्यांत मापाच्या तक्रारी होत्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच हा निर्णय फिरवून अधिकार समित्यांना परत दिले. यात बचत गटांतल्या बायकांना दोष देणं अन्यायाचं होईल. न पाहिलेल्या मुलाचं माप कुणालाच घेता येत नाही. उलट बालभारतीची पुस्तकं एका ठिकाणाहून छापून राज्यभर जातात, ते योग्यच आहे, कारण चौथीचं पुस्तक चंदगडला आणि चोपड्याला सारखंच लागतं. सगळीकडे सारखं असणारं वरून यावं, पण ज्याचं माप घ्यावं लागतं त्याचा पैसा आणि निर्णय शाळेपाशीच असावा.

दिव्यांग मुलांच्या साहाय्य सेवांचं माप तर एकेका मुलागणिक बदलतं. शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र बॅटरी संपली म्हणून दप्तरात पडून आहे, विशेष शिक्षकाच्या फेऱ्या थांबल्या आहेत, हे कुठल्या उपयोगिता प्रमाणपत्रात दिसणार? अशा गोष्टी विचारण्याची हक्काची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शिक्षण समिती. पण बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे प्रशासक होते. खर्च करणारा आणि खर्चाचा जाब घेणारा अधिकारी एकच झाला. ‘सभापती तरी काय दिवे लावत होते?’ असं यावर विचारलं जातं. सगळेच लावत नव्हते, पण त्यांना गाठून विचारता येत होतं आणि पुढच्या निवडणुकीत पाडता येत होतं.

आता त्या सदस्यांच्या प्रश्नाकडे. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तयार व्हावा, असं केंद्राची आदर्श नियमावली सांगते, म्हणजे डिसेंबरअखेर. त्या बैठकीत मागच्या वर्षीचा आराखडा आणि या वर्षीची किर्द शेजारी ठेवून वाचायला सांगा, आणि मागितलेल्या कोणत्या गोष्टीसाठी पैसा आलाच नाही, ते इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या. प्रमाणकावर सही करण्याआधी ती वस्तू पाहा. दाद लागली नाही तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची, समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीला इतिवृत्ताची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय पंचायत समितीच्या आवारातून बाहेर पडू नका, कारण तीन महिने मोजायला पोचेवरचीच तारीख लागते.