टांग्यालाही कायदा आहे

माझे वडील कोल्हापूर स्टेशनवरून अंबाबाईच्या देवळाकडं टांगा हाकायचे. मी रिक्षा चालवतो. स्टँडवरची पोरं म्हणतात, घोड्याला कसला कायदा? मोटार वाहन कायदा घोडागाडीला लागत नाही, हे खरं. तो इंजिनाच्या गाड्यांसाठी. पण ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत. गाडीवान आणि सहा वर्षांखालची पोरं सोडून चारच माणसं. दिवसाला नऊ तास, सलग पाचच. पारा 37 च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. बेदरकार हाकली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 281 गाडीवानालाही लागतं.

घोडागाडीच्या शर्यती लावणाऱ्यांना वाटतं, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच शर्यती मोकळ्या केल्या. कुठलं काय! न्यायालयानं वैध ठरवलेला शर्यतीचा कायदा बैलांपुरता. घोड्याचं त्यात नावही नाही. शिवाय रस्त्यावरच्या शर्यतीत डांबरावर नाल घसरते. झापडांमुळं मागचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि मागं सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकली! बिथरलेलं जनावर लगामानं थांबत नाही.

म्हणून वरातीतली बग्गी पुढं दिसली, तर हॉर्न न देता, दोन रिक्षांएवढी जागा सोडून सावकाश जा.